चौथ्या ट्रॅकवरची झील

१

गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे हॉलिस आधी एसी बंद करायचा. खिडकीतलं ते धूड चालू असलं की माइकमध्ये अंगणात ट्रक उभा केल्यासारखा आवाज यायचा. त्यामुळे मेम्फिसच्या ऑगस्टात, भर दुपारी, दारंखिडक्या लावून दोघं जण, तो आणि डेल्फिन, त्याच्या घराच्या मागच्या खोलीत भाजून निघायची. भिंतींना हॉलिसच्या मावशीच्या जुन्या गोधड्या ठोकलेल्या. कपाटाचं दार काढून टाकलेलं, आणि त्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मधोमध, डेल्फिन उभी राहून रॅप करायची. बाहेर आली की हॉलिस म्हणायचा, "ये, शिजलीस का नीट?"

मशीन इस्त्रीच्या टेबलावर होतं. चार ट्रॅकचं. एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे धरणारं, आणि प्रत्येक आवाजाला एक काटा. पहिल्यावर ड्रम, दुसऱ्यावर बाकी वाजप, तिसऱ्यावर डेल्फिन. चौथा ट्रॅक कॉर्टेझचा.

कॉर्टेझ तिचा धाकटा भाऊ. तो तिची झील धरायचा. ती ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाची जागा सोडायची. तो तिच्या डाव्या खांद्यामागून, अर्ध्या पावलावरून, तो शब्द असा झेलायचा की हॉलमधली म्हातारी माणसंही उठून उभी राहायची. स्वतःहून मात्र त्यानं आयुष्यात कधी ओळ सुरू केली नाही. लहानपणापासून तसाच. आई रागावली की तिच्या वाक्याचं शेपूट उचलून तिलाच ऐकवायचा आणि चापट खायचा. एकदा भर चर्चमध्ये पास्टरच्या प्रार्थनेचा शेवटचा शब्द झेलला, तेव्हाची चापट मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली होती.

कॉर्टेझला जाऊन दोन वर्षं झाली होती. 'जाऊन' म्हणजे नेमकं काय, इथंच सगळं घोडं अडलं होतं. एका शनिवारी दुपारी तो घरातल्या सगळ्यांसाठी विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख, आणायला निघाला. आई म्हणाली, "लवकर ये," तो दारातून म्हणाला, "आलोच." दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या रस्त्याला त्याची गाडी सापडली. दारं उघडी, सीटवर मधाच्या सॉसमधल्या विंग्जचा पुडा गारठलेला, आणि गाडीचं तोंड पुलाकडे. पुलापलीकडे आर्कान्सा, म्हणजे दुसरं राज्य. पोलिसांनी नदीत गळ टाकून पाहिले, काही लागलं नाही. ऑरेंज माउंड म्हणजे बोलक्या माणसांची वस्ती. तिथं आठवड्याभरात निकाल लागला: पोरगा पळाला. कुणी म्हणे बाई होती, कुणी म्हणे कसलं लफडं होतं. पुरावा काय, तर गाडीचं तोंड.

आईनं, मिस अर्लिननं, चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना ठेवू दिली नाही. रविवारी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती त्याची जागा धरायची. कुणी उचला म्हटलं तर म्हणायची, "येणार आहे माणूस." घरी मात्र एकच विचारायची, तेही भांडी घासता घासता, पाठमोरी: "तो येत होता का गं, की जात होता?"

या प्रश्नापायी डेल्फिन अल्बम करायला बसली होती. नाव 'आलोच'. त्या शनिवारच्या सकाळपासून संध्याकाळपर्यंतची गोष्ट, गाण्यामागून गाणं, मध्ये कुठं खंड नाही. शेवटच्या गाण्यात काय होणार ते तिलाही माहीत नव्हतं.

पहिलं गाणं त्या दुपारी झालं. हॉलिसनं ते लावलं, डोळे मिटले, मान डोलावली. "जमलं," म्हणाला. त्यानं साध्या कॅसेटवर नक्कल काढून तिच्या हातात दिली, एसी लावला, आणि दोघांनी त्याच्यापुढे उभं राहून गार पाणी प्यायलं.

लमार अव्हेन्यूच्या सिग्नलला ती गाडीत टेप ऐकत थांबली होती.

*सकाळ झाली, आईनं ओतली कढत कढत कॉफी,*
*रात्री कुठं होतास विचारलं, मागितली नाही माफी.*

ती गुणगुणत होती. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं. डेल्फिनचा पाय ब्रेकवरच राहिला.

'माफी' ती म्हणाली नव्हती. सवयीनं तिनं जागा सोडली होती.

२

"जुनी टेप," हॉलिस म्हणाला. ती अर्ध्या वाटेतून परत आली होती आणि तो दारात सँडविच हातात धरून उभा होता. "अगं, मी कॅसेटी पुन्हा पुन्हा वापरतो. चौथ्या ट्रॅकवर त्याचं काहीतरी जुनं राहिलं असणार. मी सवयीनं चौथ्याच्या आवाजाची पट्टी वर ठेवली, तू सवयीनं जागा सोडलीस. आपली सवय आपल्याला भोवली, बस."

"जुनं म्हणजे कधीचं?"

"दोन वर्षांपूर्वीचं, तीन वर्षांपूर्वीचं. मला काय माहीत."

"हे गाणं मी गेल्या महिन्यात लिहिलंय, हॉलिस."

हॉलिस सँडविच चघळत विचार करत राहिला. तो शाळेच्या बस दुरुस्त करायचा. कुठलीही गोष्ट बिघडली की तिला कारण असतं, हे त्याचं शास्त्र. "योगायोग," तो म्हणाला. "एखादा शब्द लागतो जुळून."

आत जाऊन दोघांनी पूर्ण गाणं ऐकलं, तिसरा ट्रॅक बंद करून, नुसता चौथा. ड्रम नाहीत, डेल्फिन नाही. खोलीत शांतता, आणि त्या शांततेत थांबून थांबून एक एक शब्द. कॉफीशी जुळणारा, शर्टाशी जुळणारा, दाराशी जुळणारा. प्रत्येक शब्द तिनं सोडलेल्या जागी, एक चूक नाही. प्रत्येक शब्दाआधी श्वास घेतल्याचा हलका आवाज. कॉर्टेझ असाच घ्यायचा, दातांतून.

हॉलिसनं सँडविच कागदात गुंडाळलं. ते त्यानं पुन्हा उघडलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी हॉलिस दुकानातून कोरी कॅसेट घेऊन आला. प्लास्टिकचं वेष्टण त्यानं डेल्फिनसमोर नखानं फाडलं, जादूचे प्रयोग करणारे दाखवतात तसं उलटसुलट करून दाखवलं. "आता बघू," म्हणाला. त्याच्या बोलण्यात जोर होता, पण एसी बंद करायला तो दोनदा विसरला.

डेल्फिन कोटांमध्ये शिरली. दुसरं गाणं न्हाव्याच्या दुकानातलं. ती ओळी म्हणत गेली, जागा सोडत गेली, आणि कोटांच्या फटीतून हॉलिसकडे बघत राहिली. त्याचे डोळे काट्यांवर होते. पहिला उडत होता, दुसरा उडत होता, तिच्या आवाजासरशी तिसरा. चौथा मेलेल्या घड्याळासारखा पडून होता. गाणं संपलं तेव्हा हॉलिसनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की तोही टेपवर आला.

मग त्यानं टेप मागे घेतली आणि वाजवली.

पहिल्याच ओळीच्या शेवटी चौथा काटा उठला. हळूच, झोपेतून उठलेल्या माणसासारखा, शब्दापुरता उभा राहिला आणि पुन्हा आडवा झाला.

"मी आता बाहेर जाऊन उभा राहतो," हॉलिस म्हणाला, आणि खरंच जाऊन उभा राहिला. डेल्फिन त्याच्यामागे अंगणात आली. झाडांवर रातकिडे भर दुपारी किरकिरत होते. पलीकडच्या घरी कुणीतरी गाडी धूत होतं.

"हे थांबवू," हॉलिस म्हणाला. "मी भित्रा नाही, तुला माहीतेय. पण ज्याला तार नाही, वायर नाही, ते माझ्या मशीनमध्ये यायला लागलं तर मी मशीन विकतो."

"तुला भीती वाटते?"

"तुला नाही वाटत?"

तिला वाटत होती. रात्रभर तिनं खोलीतला दिवा चालू ठेवला होता. पण त्या भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. दोन वर्षं ती एकटीच स्टेजवर उभी राहायची, आणि डावा खांदा उघडा पडल्यासारखा गार लागायचा. आज तो गार नव्हता.

"आई विचारते ना, येत होता की जात होता," ती म्हणाली. "तिला उत्तर देणारं दुसरं कोण आहे? मी पुढची गाणी करणार. तू मशीन विकलंस तर विकत घेईन."

"तुझ्याकडे कुठले पैसे आलेत," हॉलिस म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं टेप मागे घेतली.

४

त्यानंतर ते सवयीचं झालं. माणूस कशालाही सरावतो, आणि गाणी तर एकाहून एक सरस होत होती. डेल्फिनला आता ओळी सुचायला बसावं लागत नव्हतं. कॉर्टेझ न्हाव्याकडून निघाला, हॉलिसच्या मावशीच्या पोर्चवर थांबला, विंग्जच्या दुकानात रांगेत उभा राहिला. सगळं डोळ्यांपुढून गेल्यासारखं कागदावर उतरत होतं. ती जागा सोडायची आणि टेप वाजवली की तो तिथं असायचा. हॉलिससुद्धा गाणं संपल्यावर हळूच म्हणायला लागला, "आज जरा मूडमध्ये होता."

पहिल्या चार गाण्यांच्या नकला गाड्यांमधून वाजायला लागल्या. एका सकाळी डेल्फिन मिस्टर थाडियसच्या सलूनपुढून जात होती, तर आत तिचंच गाणं. माउंडचं न्यायालय भरायचं ते याच सलूनमध्ये, आणि कॉर्टेझ पळाला हा निकालही थाडियसनंच कात्री चालवता चालवता दिला होता. आता केस कापायचं मशीन बंद करून तो ऐकत होता. खुर्चीतला माणूस अर्धी दाढी घेऊन बसला होता, तोही ऐकत होता. ओळ संपली की सगळं सलून शेवटचा शब्द म्हणत होतं, कॉर्टेझच्या बरोबरीनं.

थाडियसनं तिला आत बोलावलं. "झकास, पोरी. मानलं. पण हे दोघांनी कधी करून ठेवलंत?"

"यंदाच केलंय."

"चल, काहीतरीच. पोरगा पळताना निदान आवाज तरी घरी ठेवून गेला म्हणायचं."

दोघंतिघं हसले. डेल्फिनच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं गिळली. कारण खरं सांगायचं तर तिलाही तेच वाटत होतं. आईपुढे ती कधी बोलली नाही, पण गाडीचं तोंड तिनंही पाहिलं होतं.

म्हणून पुलाचं गाणं तिनं माउंड म्हणत होतं तसंच लिहिलं. दुसरी गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

५

ते गाणं रेकॉर्ड करताना हॉलिसनं काट्यांकडे पाहिलंच नाही. डेल्फिननं एका दमात म्हटलं आणि कोटांतून बाहेर आली. दोघं शेजारी बसले, एकेक हेडफोन लावला, आणि त्यानं टेप वाजवली.

*पूल लागला, नदी लागली, ऊन उतरलं खाली,*
*भावाची गाडी पुलापासून निघून*

इथं 'गेली' यायचं होतं.

*आली,* कॉर्टेझ म्हणाला.

हॉलिसनं टेप थांबवली. मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा 'आली'.

"तू काय लिहिलं होतंस?"

"गेली."

हॉलिसनं ओळ ओठांत घोळवून पाहिली. मग न राहवून म्हणाला, "त्याचं जास्त जुळतं गं. 'खाली'ला 'आली'."

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरले. तिची ढिली यमकं तिलाच परत ऐकवून कॉर्टेझ तिला आयुष्यभर चिडवत आला होता. आजवर त्यानं तिचा शब्द बदलला मात्र कधीच नव्हता. झील धरणारा शब्द बदलत नाही. बदलला तर गाणं मोडतं. "पुढे लाव," ती म्हणाली.

*तापल्या रस्त्यावर वाजत होतं एकच ढिलं चाक,*
*नदीपाशी कुणी त्याला दिली होती*

तिनं 'भाक' लिहिलं होतं. त्या कुठल्याशा बाईची भाक.

*हाक.*

*आईला नाही सांगितली, बहिणीला नाही कळवली,*
*तिथून मग त्या वेड्यानं गाडी तशीच*

'पळवली' असं ठरलं होतं.

*वळवली.*

डेल्फिननं ते शब्द ओळीनं मांडून पाहिले. पुलापासून निघून आली. कुणी दिली हाक. गाडी वळवली. म्हणजे तो घराकडेच निघाला होता. पूल मागे पडला होता, शेजारी विंग्जची वाफ येत होती, आणि कुणीतरी मागून हाक मारली म्हणून त्यानं तोंड फिरवलं होतं. गाडीचं तोंड.

गाणं संपलं तरी चौथा काटा खाली आला नाही. तो थरथरत राहिला. हेडफोनमध्ये पाण्याचा आवाज होता, मोठ्या पाण्याचा, सावकाश जाणारा. आणि त्या पाण्यापलीकडून कुणीतरी बोलावत होतं. आवाज कॉर्टेझचा नव्हता, आणि कुणाचा होता असंही म्हणता येत नव्हतं.

हॉलिसनं हेडफोन कानावरून ओढून काढला. "माझं नाव घेतलं," तो म्हणाला. "'हॉलिस' असं म्हणालं. ऐकलंस ना?"

डेल्फिननं ऐकलं होतं. तिला 'डेल' ऐकू आलं होतं.

६

नदीवर जायचं तिचंच खूळ. अल्बमच्या गाण्यांमधून ते दोघं खरे आवाज टाकायचे, सलूनच्या मशीनची घरघर, विंग्जच्या तेलाची चरचर. शेवटच्या गाण्याआधी नदी हवी, असं ती म्हणाली. हॉलिसला तिचं कारण पटलं नाही, आणि ते खरंही नव्हतं. पण एकटी जाऊ देण्यापेक्षा गाडी चालवलेली बरी, म्हणून तो आला. पुलाच्या अलीकडे, जिथं ती गाडी सापडली होती तिथंच त्यानं गाडी लावली.

"मी उतरणार नाही," तो म्हणाला. "इंजिनही बंद करणार नाही. मला पोरंबाळं आहेत."

"तुला कुठं पोरं आहेत?"

"होतील की."

ऊन अजून चांगलं होतं. डेल्फिन खांद्याला छोटा रेकॉर्डर अडकवून, हेडफोन लावून, गवतातून खाली उतरली. नदी रुंद, तपकिरी, तिला काही घाई नव्हती. माइक पुढे धरून ती उभी राहिली. पाणी, वारा, पुलावरच्या ट्रकांची गडगड. बराच वेळ तेवढंच होतं.

मग हेडफोनमध्ये कॉर्टेझ म्हणाला, "डेल."

या वेळी तो आवाज हुबेहूब त्याचा होता. "डेल, ये ना. इथं आहे मी. ये, अजून थोडं खाली."

ती उतरली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिचा भाऊ बोलावत होता. चिखलात बूट रुतला, तो तिनं तिथंच सोडला. "ये," तो म्हणत होता, "डेल, मी किती वेळ झाला बोलावतोय," आणि त्या आवाजात असं काही आर्जव होतं की तिचे पाय थांबेनात. पाणी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. उन्हातही ते बर्फासारखं होतं. समोर, हात लांब केला तर पोचेल इतक्यावर, पाण्याखाली काहीतरी फिकट हललं.

वर रस्त्यावर हॉर्न वाजत होता. तिला तो ऐकू येत होता आणि त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं.

"बोल ना," पाणी म्हणालं. "डेल. तू बोल ना काहीतरी."

तिथं तिला थांबल्यासारखं झालं. काहीतरी बसत नव्हतं. एखाद्या ओळीत एक मात्रा जास्त असावी तसं. आणि मग तिला कळलं.

कॉर्टेझ आधी बोलत नसे. जन्मात कधी त्यानं पहिला शब्द उच्चारला नव्हता. तो फक्त शेवटचा झेलायचा.

तिनं माइक तोंडाशी आणला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. ओळ म्हटली आणि जागा सोडली.

"आईनं ताट वाढून ठेवलंय, चल रे आता"

पाणी गप्प झालं. त्याला पुढचा शब्द येत नव्हता. ते फिकट काहीतरी जागच्या जागी डोलत राहिलं, ऐकून घेत असल्यासारखं.

"घरी."

शब्द हेडफोनमधून आला नाही. डाव्या खांद्यामागून आला, अर्ध्या पावलावरून, दातांतल्या श्वासासकट.

तिनं मागे पाहिलं नाही. कॉर्टेझ मागे असला की ती कधीच बघत नसे, समोर बघूनच म्हणायची. ती वळली ती थेट चढाकडे तोंड करून, आणि एका बुटानिशी, हातापायांवर, गवत धरत वर आली. मागून, तिच्या श्वासाच्या लयीत, कुणीतरी चढत होतं.

दार उघडून ती हॉलिसच्या शेजारी कोसळली. हॉलिसनं गिअर टाकला आणि लमार येईपर्यंत गाडी थांबवली नाही. सिग्नलला थांबल्यावर त्यानं समोर बघतच विचारलं, "तू एकटीच वर आलीस ना?"

"का?"

"मागचं दार वाजलं. उघडल्याचं आणि लावल्याचं." त्यानं आरसा वर फिरवून ठेवला होता. "मी बघणार नाहीये. तूही बघू नकोस. पण गाडीत मधाच्या सॉसचा वास येतोय, आणि मी आठवडाभर विंग्ज खाल्लेल्या नाहीत."

डेल्फिन खिडकीबाहेर बघत हसायला लागली. मग रडायला लागली. हॉलिसनं एका हातानं गाडी चालवत तिला रुमाल दिला. तो ग्रीसनं भरलेला होता.

७

शेवटचं गाणं दुसऱ्या दिवशी झालं. नदीच्या टेपवर शेवटपर्यंत नुसतं पाणी निघालं, आणि हॉलिसनं ती अंगणात नेऊन जाळली.

गाण्याला वेळ लागला नाही. ती कोटांत शिरली, ओळी म्हटल्या, जागा सोडल्या आणि बाहेर आली. हॉलिसनं टेप लावली. पहिली ओळ संपली. चौथा काटा पडून राहिला. दुसरी संपली, तिसरी संपली. सोडलेल्या जागा सगळ्या रिकाम्या.

"गेला," हॉलिस म्हणाला. इतके दिवस भ्यायलेला माणूस, आता पोरका झाल्यासारखा दिसत होता.

"गेला कशानं? टेपमध्ये नाही, एवढंच," डेल्फिन म्हणाली.

"मग जागा तू भरणार? का मी भरू?"

"राहू दे तशाच."

तिचा डावा खांदा उबदार होता, आणि एसी तर त्यानं कधीच लावला होता.

८

शनिवारी दुपारी 'आलोच' ऐकायला चर्चच्या हॉलमध्ये अख्खं माउंड लोटलं. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, पोरं खिडक्यांवर चढली. मागच्या टेबलावर बायकांनी कोबी, मक्याचा पाव आणि विंग्जचे डोंगर मांडले होते. पहिल्या रांगेत आई बसली होती, जांभळी हॅट घालून, आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स. उभ्या राहिलेल्या एका थोराड माणसानं विचारलंही, तर आई म्हणाली, "येणार आहे माणूस," आणि त्यानं निमूट भिंत धरली.

डेल्फिननं गोष्टीतल्या सकाळपासून सुरुवात केली. कॉफीची ओळ आली आणि हॉल गरजला, "माफी!" तिला जागा सोडायची भीती उरली नाही. सोडली की साऱ्या वस्तीचे हात खाली होते. सलूनच्या गाण्याला थाडियसला लोकांनी उचलून उभं केलं. मावशीच्या पोर्चच्या गाण्याला मावशी स्वतः रडली आणि शेजारणीला म्हणाली की डोळ्यांत मिरचीचं पाणी गेलं.

मग पुलाचं गाणं आलं. ते कुणी ऐकलं नव्हतं.

*पूल लागला, नदी लागली, ऊन उतरलं खाली,*
*भावाची गाडी पुलापासून निघून*

तिनं जागा सोडली. हॉलमधून काही आवाज पुटपुटले, "गेली." त्यात थाडियसचा होता.

"आली," डेल्फिन म्हणाली, माइकमध्ये, स्पष्ट. आणि पुढे म्हणत गेली. हाक. वळवली. कुणीतरी हाक मारली म्हणून तोंड फिरवलेली गाडी. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. थाडियस हळूहळू उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मागच्यानं काढली. रांगेमागून रांग टोप्या उतरत गेल्या. डेल्फिनला गाता गाता वाटलं, आता मला मरण आलं तरी चालेल. दुसऱ्या क्षणी वाटलं, छे, आता तर कुठं मजा यायला लागलीय.

शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ. तिनं ती आईकडे बघून म्हटली.

*आईनं ताट वाढून ठेवलंय, चल रे आता*

"घरी!"

छत हललं. मागच्या टेबलावरची भांडी वाजली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, पोरं खिडक्यांवरून उड्या टाकत होती, हॉलिस मशीनवर डोकं टेकून हुंदके देत होता. त्या एवढ्या गर्जनेत एक आवाज तिच्या अगदी कानाशी होता. आणि मग तिचा डावा खांदा एकदम गार पडला.

आई तिच्याकडे बघत नव्हती. आईची नजर तिच्या डावीकडे, जरा मागे होती. ती नजर हलली. हळूहळू स्टेजच्या कडेला आली, पायरी पायरी करत खाली उतरली, मोकळ्या जागेतून पुढे आली. गोंधळ आपोआप विरत गेला. कुणी सांगितलं नव्हतं, पण मधली माणसं दोन्ही बाजूंना सरकली.

आईनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

घडीच्या खुर्चीची सीट करकरली.

आई समोरच बघत होती. हॅट तिनं नीट केली. तिचा आवाज नेहमीचा होता, भांडी घासतानाचा.

"किती वेळ लावायचा माणसानं? सगळं जेवण गार झालं."

"झालं," खुर्ची म्हणाली.

आईनं बघितलंसुद्धा नाही. नुसता हात उलटा फिरवला. हवेत मारलेली चापट वाजत नाही. ही मागच्या टेबलापर्यंत वाजली.